तळ आधी, कप नंतर



गेल्या महिन्यात मंदिरात दोघीतिघींनी अडवून विचारलं, "काकू, लेकीकडं जपानला जाऊन आलात. तिकडचे कप म्हणे फार सुंदर असतात. काय काय आणलंत?" मी म्हटलं, "तीन कप." एकीला वाटलं मी चेष्टा करतेय. दुसरीनं तर मोबाईल काढला, फोटो दाखवा म्हणून. तेव्हा म्हटलं, घरात कुणाला द्यायला किंवा रोजच्या वापराला असे कप घ्यायचे असतील, तर काय पाहून घ्यावेत हे सावकाश लिहावं. पण तीन कपांची ही गोष्ट खरं तर चार कपांपासून सुरू होते, म्हणून आधी ती सांगते.

२०१८ च्या नोव्हेंबरमध्ये आम्ही दोघं पहिल्यांदा टोकियोला गेलो. लेक आणि जावई निशी-कासाई भागात राहतात. तिथं आपली भारतीय कुटुंबं इतकी आहेत की खाली उतरलं की मूगडाळ मिळते आणि लिफ्टमध्ये हिंदी ऐकू येतं. परतताना एका मोठ्या दुकानात मी चार कप घेतले. दुधाच्या सायीसारखा रंग, कडेला निळी वेल, आणि इतके पातळ की दिव्यासमोर धरले तर पलीकडून बोटांची सावली दिसावी. किंमत ऐकून आमचे हे दोन पावलं मागं सरले. मी म्हटलं, दोन आपल्याला, दोन अक्कांना. अक्कांचं नाव घेतलं की हे काही बोलत नाहीत.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई. वय ७४. आमच्या घरात व्रताच्या बाबतीत सगळ्यात कडक त्याच. सूर्यास्तानंतर पाण्याचा थेंब नाही, कंदमूळ नाही, लग्नाकार्यात गेल्या तरी डबा बरोबर. पाणी गाळून उकळलेलंच पितात. मी लग्न होऊन आले तेव्हा मला पाण्याचं गाळणं कसं धरायचं, जिवाणी परत कुठं सोडायची, हे त्यांनीच हाताला धरून शिकवलं. त्या कपात पाणी बराच वेळ कोमट राहतं म्हणून अक्का चहापेक्षा पाण्यालाच तो कप वापरू लागल्या. सकाळी सामायिक झालं की खिडकीत बसून त्या कपातून उकळलेलं पाणी प्यायच्या. चार वर्षं.

२०२२ साली पर्युषण लागायच्या आठ दिवस आधी पुतण्याची बायको आमच्याकडं आली होती. ती ओट्यापाशी कप विसळत होती. कप उलटा करून म्हणाली, "काकू, यावर बोन चायना लिहिलंय. म्हणजे बोनच ना? हाड?"

मी बी.कॉम. झालेली बाई. इंग्रजी वाचता येतं. तो शिक्का मी चार वर्षं रोज पाहत होते. चायना म्हणजे चिनीमाती एवढं कळत होतं, आणि आधीच्या शब्दावरून नजर घसरत होती. एखाद्या कंपनीचं नाव असेल असं मनानं परस्पर ठरवून टाकलं होतं. त्या रात्री लेकीला फोन लावला. ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "आई, हो गं. मलाही तेव्हा सुचलं नाही."

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. बोन चायना हे नुसतं नाव नाही. अठराव्या शतकाच्या शेवटी इंग्लंडमध्ये जोसाया स्पोड नावाच्या कुंभारानं ही कृती पक्की केली. जनावरांची, मुख्यतः गुराढोरांची हाडं जाळून त्यांची राख करायची, आणि ती चिनीमातीत मिसळायची. जुन्या कृतीत मिश्रणाचा जवळजवळ अर्धा भाग ही राखच असते. तो सायीसारखा रंग, तो हलकेपणा, तो पातळपणा, सगळा त्या राखेचा. जपानात ही पद्धत १९३० च्या दशकात आली. म्हणजे ती त्यांची जुनी कला नव्हेच. त्यांचा जुना चिनीमातीचा कप निव्वळ दगडमातीचा. मी तिथं जाऊन नेमका इंग्लंडचा प्रकार उचलून आणला होता.

माझे दोन कप मी त्याच रात्री फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले. पण अक्कांचं काय?

खरं सांगते, मी गप्प बसले. मनाशी हिशेब मांडला. त्यांना माहीत नाही म्हणजे त्यांचा भाव शुद्ध आहे. सांगितलं तर या वयात जिवाला लागेल. न सांगता एखाद्या दिवशी कप हातातून पडला असं करून फोडून टाकावा, असाही विचार आला. आपल्या मनाला आपल्या बाजूनं बोलायला किती मुद्दे सापडतात, नाही? अकरा दिवस मी गप्प होते. त्यात दशलक्षण सुरू झालं. तिसऱ्या दिवशी उत्तम आर्जव. प्रवचनात माताजी म्हणाल्या की मनात एक, वाणीत एक आणि करणीत एक असं ज्याचं आहे त्याची पूजा वाकडी पडते. माझ्या शेजारी अक्का बसल्या होत्या, डोळे मिटून. मला तिथं बसवेना.

दुपारी त्यांच्या घरी गेले आणि उभ्या उभ्याच सांगितलं. अक्कांनी कप हातात घेतला, उलटा केला. त्यांना इंग्रजी येत नाही, तरी त्या शिक्क्यावरून अंगठा फिरवत राहिल्या. मग विचारलं, "तुला कधी कळलं?" मला याच प्रश्नाची भीती होती. म्हटलं, "अकरा दिवस झाले." त्या म्हणाल्या, "मग चार वर्षं आपल्या दोघींची अजाणतेपणी गेली. हे अकरा दिवस तेवढे तुझे."

त्याहून जास्त काही बोलल्या नाहीत. त्या दिवसापासून पर्व संपेपर्यंत त्यांनी तूप सोडलं. मी विचारलं, प्रायश्चित्त का, तुमची काय चूक? तर म्हणाल्या, "चूक नाही. पण पाण्याला एवढं जपलं आणि भांड्याला विचारलं नाही, हे लक्षात राहायला हवं."

मी म्हटलं, कप फोडून टाकू का? "फोडून काय होणार? फोडलं म्हणून हाड गाईला परत मिळत नाही. आणि दुसऱ्या कुणाला देऊ नको. आपण ज्याला हात लावणार नाही ते दुसऱ्याच्या हातात देणं म्हणजे त्याला आपली अनुमोदनाच झाली." त्यांनी ते दोन कप शिवणयंत्राच्या खणात ठेवले. आता त्यात बटणं असतात.

त्याच पर्वात नवव्या दिवशी, उत्तम आकिंचन्याला, मी माताजींकडं एक छोटासा नियम घेतला. परिग्रह परिमाण, पण फक्त भांड्यांपुरतं. घरातली सगळी भांडी मोजायची, आकडा लिहायचा, आणि त्यापुढं जायचं नाही. एक आत आलं तर एक बाहेर गेलं पाहिजे. घरी येऊन मी साठ्याची वही घातली, कॉलेजात शिकलो तशी, खणवार. चमच्यांसकट ४१२ नग निघाले. आम्ही घरात दोघं! मोजताना तीन तर अशी भांडी सापडली की ती आणल्याचंही आठवेना. तो नियम मी दरवर्षी पुढं चालवते.

आता जपानच्या दुसऱ्या वारीकडं येते. २०२४ च्या एप्रिलमध्ये गेलो. या वेळी माझ्याबरोबर वही होती, आणि आधीची ठेच.

जायच्या आधी अक्कांना विचारलं, "तुमच्यासाठी कप आणू का?" पूर्वी मी कधी विचारलं नसतं. भेट म्हणजे अचानक द्यायची असंच आपण मानतो. पण नियम घेतल्यापासून कळलं की भेट म्हणजे आपल्या हौसेनं दुसऱ्याच्या परिग्रहात भर घालणं. अक्का थोडा वेळ थांबल्या आणि म्हणाल्या, "एकच आण. आणि खाली काय लिहिलंय ते वाचून आण."

या वेळी कोबेलाही जाऊन आलो. तिथं १९८५ साली झालेलं श्वेतांबर जिनालय आहे. आपण दिगंबर, पण परदेशात जिनबिंबाचं दर्शन झालं की डोळे भरून येतात, तिथं कुठला पंथ नि काय. कोबेत मोत्यांच्या व्यापारामुळं गुजराती जैन कुटुंबं कितीतरी वर्षांपासून राहतात. मंदिराच्या पायऱ्यांवर एक वयस्क बेन भेटल्या. मी कपांचा विषय काढला तर हसून म्हणाल्या, "इथं कप असा नाही बघायचा. उलटा करून बघायचा. तळ आधी, कप नंतर." तिथंच बसून त्यांनी मला जे शिकवलं आणि पुढं लेकीनं दुकानात जे वाचून दाखवलं, ते तुम्हाला सांगते.

पहिली गोष्ट, तळावर बोन चायना लिहिलंय का ते पाहा. शिक्का नसेल किंवा जपानी अक्षरं असतील तर दुकानात सरळ विचारा. जपानीतही शब्द तोच आहे, बोन चायना, थोडा लांबवून उच्चारतात एवढंच. रंगावरून मात्र ठरवू नका. बोन चायना पिवळसर, सायीसारखं असतं आणि तिथलं जुन्या पद्धतीचं चिनीमातीचं भांडं बहुतेक निळसर पांढरं असतं हे खरं, पण आपली नजर काही तेवढी तयार नसते. उजेडात धरून पाहण्याचाही उपयोग नाही. पातळ असलं की दोन्हींतून उजेड दिसतो. माझी फसगत अशीच झाली होती.

दुसरी गोष्ट, तळाची कडी. जपानी कपाच्या बुडाला एक गोल कडी असते, तिला कोदाई म्हणतात. त्या कडीला बहुधा चकाकी नसते, त्यामुळं आत काय माती आहे ते तिथं उघडं दिसतं. कडी पांढरी असेल तर ते जिकी, म्हणजे चिनीमातीचं पक्कं भांडं. तपकिरी, करडी, खरबरीत असेल तर तोकी, म्हणजे साध्या मातीचं. नखानं हलकेच टिचकी मारली तर जिकी टिंग वाजतं, तोकी ठक्क. त्या कडीवरून तळहात फिरवून पाहा. खरखरीत असेल तर टेबलावर चरे पडतात.

आता आपल्याला यातलं कुठलं हवं? दिसायला तोकी फार देखणी. हागी नावाच्या गावची भांडी तर जगप्रसिद्ध. त्यांच्या चकाकीला केसासारख्या बारीक भेगा असतात, त्यातून वर्षानुवर्षं चहा मुरत जातो आणि कपाचा रंग बदलत जातो. या बदलाचं तिथल्या लोकांना मोठं कौतुक, हागीची सात रूपं असं म्हणतात. अशी नवी भांडी आधी तांदळाच्या धुवणात उकळून घेतात, म्हणजे बारीक छिद्रं भरतात, आणि धुतल्यावर पूर्ण सुकल्याशिवाय कपाटात ठेवत नाहीत, नाहीतर बुरशी येते.

हे ऐकलं आणि मी हातातला कप खाली ठेवला. जे भांडं चहा पितं ते आपल्या स्वयंपाकघरात कसं चालणार? कोल्हापूरचा श्रावण तुम्हाला माहीत आहे. पापडसुद्धा सुकत नाहीत तिथं मातीच्या भेगा कशा सुकणार? आणि बुरशी म्हणजे आपल्याला नुसती घाण नव्हे, अनंतकाय. ज्यात कालचा अंश राहतो ते भांडं आपलं नव्हे. म्हणून रोजच्याला जिकी. आतून-बाहेरून गुळगुळीत, एकदा विसळलं की कोरडं.

जिकीचं माहेर म्हणजे आरिता हे गाव, क्यूशू बेटावर. १६१६ च्या सुमाराला तिथं डोंगरात योग्य दगड सापडला आणि जपानात पहिल्यांदा अशी भांडी होऊ लागली, असं मानतात. तो शोध लावणारा कुंभार री साम्पेई मूळचा कोरियाचा. जपानी फौजांनी कोरियावर स्वारी केली तेव्हा अनेक कुंभारांना तिकडून आणलं गेलं, त्यांतला तो. म्हणजे सुंदर वस्तूच्या मागं कुणाचं तरी घर सुटलेलं असतंच. शेजारचं हासामी गाव मात्र साध्या लोकांसाठी भांडी करायचं. जुन्या काळी नदीतल्या नावांवर खाणं विकायचे त्यासाठी तिथं जाड, रुंद बुडाचे वाडगे करत, नाव हलली तरी कलंडू नयेत म्हणून. नातवंडं असलेल्या घरात असं भांडं घ्यावं. दगड कुटून माती करायची आणि तेराशे अंशांच्या भट्टीत भाजायची, यात पृथ्वीकाय, अग्निकाय जीवांचा आरंभ आहेच. तो स्टीलच्या भांड्यातही आहे. म्हणून तर थोडी घ्यावीत आणि खूप वर्षं वापरावीत.

टोकियोत उएनो आणि असाकुसाच्या मध्ये काप्पाबाशी नावाचा रस्ता आहे. साधारण आठशे मीटरचा, आणि दोन्ही बाजूंना दीडशेच्या वर दुकानं, सगळी स्वयंपाकघराच्या सामानाची. मैत्रिणींनो, नियम घेतलेल्या बाईनं तिथं जाऊ नये. किंवा तिथंच जावं, म्हणजे नियम खरा की नुसता तोंडचा ते कळतं.

पहिल्याच दुकानात इवल्याशा वाट्या दिसल्या, अंगठीएवढ्या म्हणाव्यात इतक्या गोड. मला वाटलं पूजेच्या अक्षतांना, केशराला किती छान! सहा उचलल्यासुद्धा. जावई हळूच म्हणाले, "आई, या ओचोको. दारूच्या." साके पितात त्या. लेक म्हणाली, कोऱ्या आहेत, त्यांना काय ठाऊक दारू? तिचं म्हणणं बरोबर होतं. मातीला दोष नाही. पण घरी येणारा प्रत्येकजण विचारणार आणि मी प्रत्येकाला समजावत बसणार. ज्या भांड्याची बाजू मांडावी लागते ते पूजेत कशाला? ठेवल्या परत. तुम्हाला कुणी जपानहून अशा इवल्या वाट्या आणि लहान तोंडाची सुरई असा संच आणून दिला तर तो कशाचा आहे, हे माहीत असावं म्हणून सांगितलं.

मग लाकडी वाडगे. लाल-काळी लाख लावलेले, वजनाला पिसासारखे. वरणाला किती छान, हात भाजत नाही! ती आपली किड्यांची लाख नव्हे. उरुशी नावाच्या झाडाचा तो चीक असतो, हे ऐकून मला आनंदच झाला. पण लेकीनं पुढचं वाचलं. झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की एका हंगामात त्याच्या खोडावर चरे मारत जातात, सगळा चीक काढून घेतात, आणि मग ते झाड तोडतात. एका झाडाचा चीक भरतो जेमतेम पेलाभर. बुंध्यातून पुन्हा फुटवा येतो हे खरं. आणि तो चीक लावायच्या उत्तम कुंचल्यांना माणसाचे केस वापरतात. ज्यांना चालतं त्यांना मी नावं ठेवत नाही, त्यांच्या घरी असे वाडगे तीन-तीन पिढ्या टिकतात. पण मला त्या खोडावरचे चरे दिसायला लागले. तेही ठेवले.

जावई गमतीनं म्हणाले, "आई, आता हवाच उरली!"

मग छोट्या बशा, मामेझारा म्हणतात त्यांना, तळहाताएवढ्या. चटणीला, लिंबाच्या फोडीला. तिथं भांडी पाचाच्या संचात विकतात. चार या अंकाचा एक उच्चार त्यांच्याकडं मृत्यूच्या शब्दासारखा होतो, म्हणून चार टाळतात. कुणा जपानी माणसाला भेट देणार असाल तर हे लक्षात ठेवा. आपला सहाचा हिशेब तिथं चालत नाही. मला पाच बशा फार आवडल्या. खरोखर आवडल्या. वही काढली. पाच आत म्हणजे पाच बाहेर. मनातल्या मनात फळीवरून नजर फिरवली, हे काढीन, ते काढीन. मग लक्षात आलं, मी गरज मोजत नव्हते, जागा करत होते. नियमातून वाट काढायला मी वाणिज्य शाखेचं सगळं ज्ञान पणाला लावलं होतं. बशा परत मांडणीवर गेल्या. पुढची दोन दुकानं मी काही बोलले नाही.

शेवटी घेतलं काय? युनोमी. हा त्यांचा रोजचा चहाचा कप, उभट, कान नसलेला. एका हातानं धरायचा आणि दुसरा तळाखाली लावायचा. त्यांचा हिरवा चहा फार कढत नसतो, म्हणून कान लागत नाही. आपला चहा उकळता असतो, तेव्हा जरा जाड भिंतीचा घ्यावा आणि काठोकाठ भरू नये. सोनेरी-रुपेरी रेघ असलेला मायक्रोवेव्हमध्ये घालू नये, ठिणग्या उडतात.

त्यात नवरा-बायकोची जोडी मिळते, मेओतो म्हणतात. एकच नक्षी, पण नवऱ्याचा कप मोठा आणि बायकोचा लहान! मी म्हटलं, हे बरंय. पण जोडी फार देखणी होती, हासामीची, पांढऱ्यावर निळ्या रेघा. आमच्या ह्यांना साखरेमुळं डॉक्टरांनी अर्धाच कप चहा सांगितलाय. तेव्हा लहान त्यांचा आणि मोठा माझा, असं ठरवून जोडी घेतली. दुकानातल्या बाईनं मोठा कप ह्यांच्यापुढं ठेवला, आणि ह्यांनी तो मुकाट्यानं माझ्यापुढं सरकवला. ती तोंडावर हात धरून हसली.

अक्कांसाठी एक घेतला. नुसता पांढरा, बाहेरून एक निळी पानाची फांदी. बाराशे येन, म्हणजे तेव्हाचे साधारण साडेसहाशे-सातशे रुपये. बी.कॉम.चा घसारा लावून पाहिला. दिवसातून दोनदा वापरला आणि दहा वर्षं टिकला तर सात हजार तीनशे वेळा. एका वेळेला नऊ पैसे. पहिल्या वारीतला कप याच्या आठपट महाग होता, आणि त्याचा हिशेब अजून मिटलेला नाही.

एक गोष्ट मात्र दुकानात न मिळणारी बरोबर घेऊन आले. झेन पंथाच्या मठांत भिक्षूंची जेवणाची वाडग्यांची जुडी असते, एकात एक बसणारी. तिला ओर्योकी म्हणतात. जितकं हवं तितकंच मावेल असं पात्र, हा त्या शब्दाचा अर्थ. जेवण झालं की जागेवरच त्यात गरम पाणी घ्यायचं, वाडगे धुवायचे, त्यातलं थोडं पाणी पिऊन टाकायचं, वाडगे पुसून पुन्हा एकात एक बांधायचे. लेकीनं हे सांगितलं तेव्हा मला आमच्या शेजारच्या मारवाडी वहिनी आठवल्या. आयंबिलाच्या दिवसांत त्या जेवण झालं की थाळी धुऊन ते पाणी पितात. आमची लेक लहानपणी त्यांच्याकडं पाहून तोंड वाकडं करायची. तीच आता टोकियोत बसून मला हे कौतुकानं सांगत होती. मी काही बोलले नाही. हसू मात्र आलं.

घरी आल्यावर आमच्या दोन कपांपायी फळीवरचे दोन जुने पेले काढले आणि धुणीभांडी करणाऱ्या मावशींना विचारून दिले. वहीत लिहिलं. मग अक्कांकडं गेले.

अक्कांनी कप हातात घेतला. फांदीकडं पाहिलंच नाही, आधी उलटा केला. पांढरी कडी, आत निळ्या रंगात दोन जपानी अक्षरं. "काय लिहिलंय?" म्हटलं, "लेकीनं वाचलंय. गावाचं नाव आहे." "आणि कशाचा?" "दगडाच्या मातीचा, अक्का. दुकानदाराला विचारून घेतलाय." त्यांनी मान हलवली. कप धुतला, फडक्यानं पुसला, उकळलेलं पाणी गाळून ओतलं. त्यांनी तरी कधी जपानी रीत पाहिली होती? पण कपाला कान नाही, म्हणून आपोआप दोन्ही तळव्यांची ओंजळ झाली आणि त्यात तो बसला. आहाराच्या वेळी मुनिमहाराज उभे राहून ओंजळ करतात, त्यांना पात्रच नसतं, तसा तो आकार. अक्कांच्याही ते लक्षात आलं असावं. त्या क्षणभर थांबल्या आणि मग प्यायल्या.

पिऊन झाल्यावर म्हणाल्या, "चांगला आहे. कोमट राहतं."

मग थोड्या वेळानं, "वहीत किती झाले?"

"चारशे बाराच."

"त्यात ते दोन धरलेत? माळ्यावरचे?"

"धरलेत, अक्का."

"असू देत," त्या म्हणाल्या, आणि कप विसळायला उठल्या.